ला स्काला : हळू आवाजात ऐकण्यासाठीचे मोठे कर्णे

क्लिप्श कंपनीच्या ला स्काला या लाउडस्पीकरांची 1978 साली बनलेली एक जोडी 2012 पासून माझ्या वापरात आहे. पहिली चार वर्षे ती ह्यूस्टनच्या भाड्याच्या घरात होती आणि 2016 पासून ती पुण्यात, कोथरूडच्या घरी आहे. दोन देशांत, सर्वस्वी निराळ्या अशा दोन खोल्यांत आणि वेगवेगळ्या ॲम्प्लिफायरांवर इतकी वर्षे ऐकल्यानंतर या स्पीकरांविषयी माझे जे मत झाले आहे, ते मी घेताना बाळगलेल्या समजुतीहून फार वेगळे आहे. मी ते मोठ्या, दणदणीत आवाजाच्या ओढीने घेतले होते. आज कोणी विचारले, तर मी ते रात्री घर झोपल्यावर हळू आवाजात गाणे ऐकणाऱ्याला सुचवीन.

आधी वस्तूविषयी. एकेक स्पीकर सुमारे 90 सेंटिमीटर उंच, 60 सेंटिमीटर रुंद आणि 62 सेंटिमीटर खोल आहे, आणि दोन माणसांशिवाय तो उचलण्याचा विचारही करू नये. खालच्या मोठ्या कप्प्यात खालच्या स्वरांसाठीचा 15 इंची वूफर आहे, पण तो समोरून दिसत नाही. तो आतल्या एका बंद खोक्यात बसवलेला आहे आणि त्याचा आवाज मागे जाऊन, दोन्ही बाजूंच्या वळणदार वाटांनी रुंदावत पुढे येतो. वरच्या कप्प्यात ॲल्युमिनियमचा ओतीव कर्णा आहे, ज्याच्या मागे के-55 हा मध्य स्वरांचा ड्रायव्हर, म्हणजे आवाज निर्माण करणारा भाग, आहे, आणि त्याच्या शेजारी के-77 हा वरच्या स्वरांचा छोटा ट्विटर, तोही कर्ण्यातच. कामाची वाटणी 400 हर्ट्झ आणि 6000 हर्ट्झ या दोन ठिकाणी होते. म्हणजे तळापासून वरपर्यंत प्रत्येक स्वर कर्ण्यातूनच बाहेर पडतो, आणि या स्पीकरचे बहुतेक सगळे गुण व सगळ्या अडचणी या एका गोष्टीतून येतात.

कर्णा हा शब्द आपल्याकडे ग्रामोफोनमुळे रुजलेला आहे, पण आजच्या पिढीला भोंगा अधिक परिचयाचा आहे, आणि भोंगा म्हटले की कर्कश, चिरका, कानावर आदळणारा आवाज असेच समीकरण मनात तयार होते. हा अन्याय आहे असे मला वाटते. भोंग्याला बोलणे लांबवर पोचवायचे असते, म्हणून त्याचा कर्णा लहान ठेवतात, खालचे स्वर त्याला झेपत नाहीत आणि त्याच्यामागचा ॲम्प्लिफायर बहुधा क्षमतेपलीकडे ताणलेला असतो. दोष या तडजोडीचा असतो. कर्ण्याचे मूळ काम फार सुंदर आहे. स्पीकरचा पडदा जड असतो आणि हवा अतिशय हलकी. उघड्या हवेत हलणारा पडदा पाण्यात काठी फिरवावी तसा हवेला बाजूला सारत राहतो आणि त्याच्या श्रमाचा फारच थोडा भाग ध्वनी होऊन पुढे जातो. कर्ण्याच्या अरुंद गळ्याशी हवा कोंडलेली असते, तिथे पडद्याला धरायला काहीतरी मिळते, आणि हळूहळू रुंदावणारी नळी तो दाब खोलीतल्या मोकळ्या हवेपर्यंत अलगद नेऊन सोडते. शेताच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या माणसाला हाक मारताना आपण तोंडाभोवती दोन्ही हात धरतो, ते याच कारणासाठी.

याचा हिशेब आकड्यांत पाहणे उपयोगाचे आहे. एका वॉटला एक मीटरवर ला स्कालाचा आवाज 105 डेसिबल भरतो असे कंपनी सांगते. घरोघरी असलेल्या चांगल्या स्पीकरांचा हा आकडा साधारण 85 ते 88 असतो. 88 डेसिबलचा स्पीकर त्याला मिळणाऱ्या विजेच्या शक्तीपैकी अर्ध्या टक्क्याहूनही कमी भाग ध्वनीत बदलतो आणि उरलेला सगळा भाग पडदा हलवणारी तारेची गुंडाळी, म्हणजे व्हॉइस कॉइल, तापवण्यात जातो. 17 डेसिबलचा फरक म्हणजे शक्तीत पन्नासपट फरक, त्यामुळे जिथे त्या स्पीकरला 50 वॉट लागतील, तिथे ला स्कालाला एक वॉट पुरतो. पण मला यात वॉटच्या बचतीपेक्षा दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. तोच आवाज काढण्यासाठी या स्पीकरच्या पडद्याला फार थोडे हलावे लागते. जे कमी हलते ते कमी विकृती निर्माण करते, आणि एका स्वराच्या मोठ्या हालचालीवर दुसरा नाजूक स्वर हिंदकळण्याचा प्रकार जवळपास नाहीसा होतो. पॉल विल्बर क्लिप्श आयुष्यभर हेच ठासून सांगत असत.

क्लिप्श (1904–2002) अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यात होप नावाच्या लहानशा गावी युद्धकाळात लष्करी चाचणी केंद्रावर होते, आणि 1946 मध्ये त्यांनी तिथेच क्लिप्शहॉर्न हा खोलीच्या कोपऱ्यात बसणारा स्पीकर बनवायला सुरुवात केली. कोपऱ्याच्या भिंतींनाच कर्ण्याचा शेवटचा भाग बनवण्याची त्यांची कल्पना होती. ला स्काला नंतरची, 1963 ची. विन्थ्रॉप रॉकफेलर यांच्या गव्हर्नरपदाच्या प्रचारसभांसाठी, कोपऱ्याशिवाय चालेल आणि गाडीतून नेता येईल असा स्पीकर हवा होता, त्यातून तिचा जन्म झाला. मिलानच्या ऑपेरागृहाचे नाव मिळालेली ही वस्तू मुळात निवडणुकीच्या सभांसाठी घडली, म्हणजे आपल्या भोंग्याशी तिचे नाते अगदीच दूरचे नाही. ह्यूस्टनहून होप मोटारीने पाचएक तासांवर आहे आणि तिथे जुन्या टेलिफोन एक्स्चेंजच्या इमारतीत या कंपनीचे संग्रहालय आहे. जोडी घेतल्यानंतरच्या वर्षी मी तिथे जाऊन आलो.

जोडी हाती आली तेव्हा तिचे वय 34 वर्षे होते. पहिल्या संध्याकाळी ती जड, कोंदट वाजली आणि डावा ट्विटर मुळीच बोलत नव्हता. ट्विटरचा पडदा बदलून मिळतो आणि ते काम स्क्रू फिरवता येणारा कोणीही करू शकतो. कोंदटपणाचे कारण क्रॉसओव्हरमध्ये, म्हणजे तिन्ही ड्रायव्हरांत स्वर वाटून देणाऱ्या मंडलात, होते. या काळातल्या क्रॉसओव्हरला टाइप एए म्हणतात, आणि त्यात मध्य स्वरांच्या वाटेवर 13 मायक्रोफॅरॅडचा आणि ट्विटरच्या वाटेवर 2 मायक्रोफॅरॅडचे दोन कपॅसिटर असतात. तेलाने भरलेले हे डबे इतक्या वर्षांनी थकतात आणि वरचे स्वर अडवू लागतात. मी तिन्ही काढून त्याच मूल्याचे पॉलिप्रॉपिलीन कपॅसिटर लावले. एका संध्याकाळचे सोल्डरिंग आणि थोडासा खर्च, पण त्यानंतर जणू खोलीची खिडकी उघडावी तसा आवाज मोकळा झाला. जुनी जोडी घेणाऱ्याने इतर कोणत्याही सुधारणेआधी हे करावे, कारण या दुरुस्तीपूर्वी बनवलेले कोणतेही मत त्या थकलेल्या कपॅसिटरांविषयीचे असते.

याशिवाय दोन लहान कामे केली. ओतीव ॲल्युमिनियमच्या कर्ण्यावर नखाने टिचकी मारली तर तो टणकन वाजतो, म्हणून मोटारीच्या दारांत आतून चिकटवतात तसले डांबरी पत्रे मी त्याच्या बाहेरच्या अंगाला चिकटवले. आणि पुण्यात आल्यावर एका सुताराकडून खालच्या कप्प्यात, बाजूच्या फळ्यांना आधार देणाऱ्या दोन आडव्या पट्ट्या बसवून घेतल्या. ला स्काला बाळगणाऱ्यांमध्ये ही जुनी प्रथा आहे. दोन्हींचा फरक आहे, पण तो कान देऊन शोधावा लागतो.

खोली बदलल्याने जो फरक पडतो तो मात्र शोधावा लागत नाही, आणि या विषयावर मी अधिक बोलणार आहे, कारण कर्ण्याच्या स्पीकरला नावे ठेवणाऱ्या बहुतेकांनी तो चुकीच्या खोलीत ऐकलेला असतो, असे मला आता खात्रीने वाटते. ह्यूस्टनचे घर तिथल्या सर्वसाधारण घरांसारखे होते. लाकडी सांगाड्यावर जिप्समचे तक्ते ठोकलेल्या भिंती आणि जमिनीवर भिंतीपासून भिंतीपर्यंत गालिचा. तिथे मध्य आणि वरचे स्वर पहिल्या दिवसापासून गोड होते, पण खर्ज भिंतींतून निघून जात असे. ला स्कालाचा खालचा कर्णा लहान आहे. 50 हर्ट्झच्या लहरीची लांबी जवळपास सात मीटर असते आणि तिला पूर्ण आधार द्यायला या आकाराचा कर्णा अपुरा पडतो, म्हणून कंपनीच्याच आकड्यांप्रमाणे हा स्पीकर 51 हर्ट्झच्या खाली फारसे बोलत नाही. त्या पोकळ भिंतींच्या खोलीत ही मर्यादा ठळकपणे जाणवे. मी कोपऱ्यात ठेवून पाहिले, त्याने थोडी भर पडली, आणि शेवटी एक सबवूफर, म्हणजे फक्त खर्ज वाजवणारा वेगळा स्पीकर, जोडला. तो नीट जुळवायला मला सहा महिने लागले, कारण इतक्या चपळ स्पीकरच्या खाली मागे रेंगाळणारा खर्ज चटकन उघडा पडतो.

पुण्यात नेमके उलटे झाले. इथली खोली 5.2 मीटर लांब, 3.7 मीटर रुंद आणि 2.9 मीटर उंच, विटांच्या भिंती, वर काँक्रीटचा स्लॅब आणि खाली गुळगुळीत व्हिट्रिफाइड टाइल्स. सामान उतरवून घेणाऱ्या माणसांनी एका स्पीकरचा खालचा कोपरा फोडला होता, त्याचे दुःख होतेच, पण पहिल्यांदा लावल्यावर जे ऐकू आले त्याने मी अधिक खचलो. स्त्री-आवाजातली तार सप्तकातली तान कानात टोचत होती, झांजा थांबतच नव्हत्या. खोलीच्या मध्यावर उभे राहून टाळी वाजवली, तर तिच्या मागोमाग टर्रर्र असा प्रतिध्वनी येत असे. तरीही मी दोष स्पीकरलाच दिला. क्रॉसओव्हरमध्ये मध्य स्वरांचा आवाज ठरवणारा ऑटोट्रान्स्फॉर्मर असतो, त्याचा एक टप्पा उतरवून मी ते स्वर तीन डेसिबलने कमी केले. टोचणे कमी झाले, पण गायक जणू शेजारच्या खोलीत जाऊन बसला. शब्दांतला जीव गेला. चार दिवसांत मी ते काम उलटवले आणि खोलीकडे वळलो.

खोलीला फार काही लागले नाही. जमिनीवर जाड जाजम आणि त्यावर बैठकीच्या गाद्या घातल्या, मागच्या भिंतीला पुस्तकांचे कपाट लावले, आणि बाजूच्या भिंतींवर, जिथे आरसा धरला असता बैठकीवरून स्पीकर दिसला असता त्या जागी, आजीच्या हातच्या दोन गोधड्या लाकडी पट्टीवर टांगल्या. टाळीमागचा टर्रर्र गेला आणि त्याबरोबर तानेतली टोचणीही गेली. कर्ण्याचा एक गुण इथे मदतीला आला. तो आवाज चहूकडे उधळत नाही, ठरावीक कोनात पुढे पाठवतो, म्हणून बाजूच्या भिंतींवर मुळातच कमी आवाज पडतो आणि थोड्या उपायांनी काम भागते. सर्व दिशांना आवाज फेकणाऱ्या स्पीकरला त्याच खोलीत दुप्पट गोधड्या लागल्या असत्या.

विटांच्या भिंतींनी खर्ज मात्र घरात राखला. जो स्पीकर ह्यूस्टनमध्ये खाली अपुरा वाटत होता, तो इथे भरदार वाजू लागला आणि सबवूफर मी पहिल्या वर्षीच काढून ठेवला. त्याची किंमतही मोजावी लागली. 5.2 मीटर लांबीच्या खोलीत 33 आणि 66 हर्ट्झचे स्वर भिंतीभिंतींमध्ये घुमत राहतात, रुंदीमुळे 46 आणि उंचीमुळे 59 हर्ट्झचे. पैकी 66 च्या घुमण्याचा मला फार त्रास झाला, कारण काळी एकमध्ये गाणाऱ्या गायकाच्या तानपुऱ्याचा खरज 69 हर्ट्झच्या आसपास येतो आणि डग्ग्याची घुमकही तिथेच जवळपास असते. डग्ग्याची एखादी मींड मध्येच फुगून वर येई आणि पुढच्या क्षणी ओसरे. उपाय जागेचा होता. लांबीतला हा घुमारा खोलीच्या चतुर्थांश अंतरावर सर्वांत कमी असतो, म्हणून बैठक मागच्या भिंतीपासून 1.3 मीटरवर सरकवली. यासाठी एक पैसाही लागला नाही, आणि आजवर मी केलेल्या सगळ्या सुधारणांत हिचा क्रमांक कपॅसिटरांच्या खालोखाल लागतो.

स्पीकर आता अरुंद भिंतीच्या दोन्ही कोपऱ्यांत आहेत, त्यांच्या मध्यांतले अंतर 2.6 मीटर आणि बैठकीपासून प्रत्येकाचे 3.4 मीटर. याहून जवळ बसू नये, कारण तिन्ही कर्ण्यांचा आवाज एकजीव व्हायला तेवढे अंतर लागते. दोन्ही स्पीकर आत वळवले आहेत, सुमारे तीस अंशांत, इतके की त्यांच्या नाकासमोरच्या रेषा माझ्यापुढे 90 सेंटिमीटरवर एकमेकींना छेदतात. हे विचित्र वाटते, पण त्याचा लाभ मोठा आहे. डावीकडे बसलेला माणूस डाव्या स्पीकरच्या जवळ असला, तरी त्या कर्ण्याच्या धारेतून बाहेर पडतो आणि उजव्याच्या धारेत येतो, त्यामुळे तिघे जण ओळीने बसले तरी गायक प्रत्येकाला मधोमधच सापडतो.

आणि भारतीय बैठकीचे या स्पीकरशी विशेष जुळते. ला स्कालाच्या मध्य स्वरांचा कर्णा जमिनीपासून जेमतेम पाऊण मीटरवर आहे. ह्यूस्टनमध्ये सोफ्यावर बसल्यावर कान त्याच्या बरेच वर जात, म्हणून मी पुढच्या बाजूला ठोकळे लावून स्पीकर मागे कलवले होते. इथे गादीवर मांडी घालून, लोडाला टेकून बसले की कान आपोआप त्या कर्ण्याच्या उंचीवर येतात. ठोकळे गेले. आर्कान्सामध्ये हे कोणी योजले नसणार, पण मला त्याचा दर वेळी आनंद होतो.

आता ॲम्प्लिफायर, आणि इथेच हळू आवाजाचा मुद्दा येतो. रात्री मी बैठकीवर 65 डेसिबलच्या आसपास ऐकतो. त्यासाठी या जोडीला किती शक्ती लागते याचा हिशेब केला, तर उत्तर अर्ध्या मिलिवॉटच्या आसपास येते, म्हणजे एका वॉटचा दोन हजारावा भाग. शंभर वॉटच्या ॲम्प्लिफायरचे उरलेले वॉट इथे निष्क्रिय असतात, आणि त्याचा अगदी पहिला, इवलासा अंश किती स्वच्छ आहे यावर सगळे ठरते. अनेक ॲम्प्लिफायरांची रचना मोठ्या शक्तीला स्वच्छ राहण्यासाठी केलेली असते, आणि शून्याच्या जवळ, जिथे संकेत एका ट्रान्झिस्टरकडून दुसऱ्याकडे जातो, तिथे ते किंचित अडखळतात. कमी कार्यक्षमतेच्या स्पीकरवर हे लपते, कर्ण्यावर लपत नाही.

लपत नाही ती दुसरी गोष्ट म्हणजे गोंगाट. ॲम्प्लिफायरच्या तोंडाशी एक मिलिव्होल्ट गोंगाट असेल, तर 88 डेसिबलच्या स्पीकरवर तो एक मीटरवर 19 डेसिबल भरेल, म्हणजे रात्रीच्या शांततेत बुडून जाईल. ला स्कालावर तोच गोंगाट 36 डेसिबल होतो आणि बैठकीपर्यंत सूं असा ऐकू येतो. माझा पहिला, चांगला नावाजलेला शंभर वॉटचा ॲम्प्लिफायर मला याच कारणासाठी विकावा लागला. त्याच्या आवाजाची खुंटीही सुरुवातीच्या जागेवरून केसभर सरकवली की पुरे होई, आणि खुंटीच्या त्या पहिल्या टप्प्यात डावी-उजवी बाजू कधीच सारखी नसते. यावर स्वस्त आणि पक्का उपाय आहे. बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीतून 9 किलोओहम आणि 1 किलोओहमचे चार चांगले रेझिस्टर आणून ॲम्प्लिफायरच्या आधी विभाजक म्हणून लावले की संकेत वीस डेसिबलने उतरतो, आधीच्या यंत्रांचा गोंगाटही तितकाच उतरतो, आणि खुंटी मध्यावर येऊन नीट वापरता येते.

सध्या मी 2ए3 या व्हॅक्यूम नळीवर चालणारा, दर बाजूला साडेतीन वॉटचा ॲम्प्लिफायर वापरतो. साडेतीन वॉट ऐकून पाहुणे साशंक होतात, पण या खोलीत तो प्रत्यक्ष मैफलीच्या पातळीच्याही पलीकडे जातो. अमेरिकेतून आणलेला असल्यामुळे त्याचा ट्रान्स्फॉर्मर 120 व्होल्ट आणि 60 हर्ट्झचा होता. व्होल्टेज उतरवून चालवले तरी आपल्या 50 हर्ट्झवर तो तापत असे आणि गुरगुरत असे, म्हणून एका वाइंडिंग करणाऱ्या कारागिराकडून 230 व्होल्टचा नवा ट्रान्स्फॉर्मर करून घेतला. नळीतल्या तापणाऱ्या तारेला मुळात एसी दिलेला होता, तो बदलून डीसी दिला, आणि माझ्या मीटरवर गोंगाट दीड मिलिव्होल्टवरून 0.3 मिलिव्होल्टवर आला. आता कर्ण्यात कान घातला तरच काही ऐकू येते. आणखी एक इशारा आपल्याकडच्या वाचकांसाठी : वीज गेल्यावर चौकोनी लहरीचा इन्व्हर्टर चालू असेल, तर हे स्पीकर लावू नयेत. ती करकर कर्ण्यातून स्पष्ट ऐकू येते. शुद्ध साइन लहरीचा इन्व्हर्टर बसवल्यावर ही अडचण संपली.

हे सगळे जमल्यावर मिळते काय? तानपुऱ्याचे उदाहरण देतो. सामान्य स्पीकरवर आवाज कमी केला, की सर्वांत आधी जवारी जाते. तारा छेडल्याचे कळते, पण घोड्यावर तार घासून फुलणारे स्वरांचे ते झुंबर विझते, मग मन पुन्हा आवाज वाढवायला सांगते. ला स्कालावर घड्याळाची टिकटिक ऐकू येईल इतक्या हळू आवाजातही जवारी फुललेली राहते आणि गायकाचा षड्ज तिच्यात विरघळताना ऐकू येतो. मुखड्यापूर्वीचा श्वास, सारंगीच्या तारेवर नख सरकल्याची खरखर, चाटेवरचा बोल आणि शाईवरचा बोल यांतला फरक, हे सगळे आवाज न वाढवता मिळते. लहान आणि मोठ्या आवाजातले अंतर दाबले जात नाही, म्हणून पखवाजाची थाप अचानक येते आणि तितक्याच अचानक संपते. सनई मी सवाई गंधर्व महोत्सवाच्या मंडपात पुढच्या रांगांतून ऐकलेली आहे, आणि तिचा तो भेदक पण न बोचणारा आवाज घरात याच स्पीकरवर मला ओळखीचा वाटला.

उणिवाही सांगतो. 50 हर्ट्झखालचे संगीत, म्हणजे चर्चमधला पाइप ऑर्गन किंवा आजचे इलेक्ट्रॉनिक खर्ज, ज्यांना हवे त्यांनी दुसरीकडे पाहावे किंवा चांगल्या सबवूफरची तयारी ठेवावी. गायकाची प्रतिमा प्रत्यक्षाहून थोडी मोठी उमटते. एकट्या सतारीसाठी मला ती कधी कधी खटकते. ध्वनिमुद्रण वाईट असेल, तर ते किती वाईट आहे हे कळतेच, आणि नव्वदच्या दशकातल्या काही कॅसेटवरून घाईने काढलेल्या सीडी मी आता लावत नाही. शिवाय ट्विटर पुढच्या फळीवर आणि मध्य स्वरांचा ड्रायव्हर कर्ण्याच्या मागच्या टोकाला असल्यामुळे ट्विटरचा आवाज सुमारे पावणेदोन मिलिसेकंद आधी पोचतो. ट्विटर वर काढून 60 सेंटिमीटर मागे ठेवून मी महिनाभर ऐकले. टाळ आणि चाट किंचित घट्ट झाल्यासारखी वाटली, पण डोक्यावर लोंबणाऱ्या तारांचे ते दृश्य घरात कोणालाच आवडले नाही आणि फरकही तेवढा मोठा नव्हता, म्हणून मी तो परत जागेवर बसवला.

घेण्याचा विचार असेल त्यांनी जुनी जोडी विक्रेत्याच्या घरी जाऊन तीन गोष्टी पाहाव्यात. प्रत्येक कर्ण्याशी वेगवेगळा कान लावून तिन्ही बोलतात ना, प्लायवुडचे थर कडांना सुटलेले नाहीत ना, आणि दोन्ही क्रॉसओव्हर एकाच प्रकारचे आहेत ना. चौथी गोष्ट आपल्या घरी पाहावी : दार आणि जिन्याचे वळण. 62 सेंटिमीटरची वस्तू कागदावर लहान वाटते.

एक उपयोग मात्र मी योजलेला नव्हता. आईला ऐंशीनंतर कमी ऐकू येऊ लागले आणि टीव्हीचा आवाज इतका वाढवावा लागे, की तो शेजारी ऐकू जाई आणि तरीही तिला निवेदकाचे शब्द कळत नसत, कारण शब्दांपेक्षा खोलीचा घुमाराच जास्त वाढे. मागच्या गणपतीत मी टीव्हीची तार या ॲम्प्लिफायरला जोडली. कर्ण्याचा आवाज भिंतींवर न सांडता थेट तिच्यापर्यंत जातो, आणि आता ती बैठकीवर बसून संध्याकाळचे कीर्तन आणि बातम्या आम्हा बाकीच्यांना सहज बोलता येईल इतक्या आवाजात ऐकते. गेल्या आठवड्यात तिने मला हाक मारून आवाज आणखी थोडा कमी करायला सांगितला.